देव्हाऱ्यातील शालिग्राम : सागरतळापासून तुळशीवृंदावनापर्यंत

॥ श्री ॥



श्रींच्या दर्शनाच्या वेळा, अभिषेकाची व्यवस्था, भक्तनिवास आणि अन्नदान यांविषयीची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे. या पानांवर मात्र एका लहानशा काळ्या शिळेविषयी चार शब्द निवेदन करावयाचे आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या देव्हाऱ्यात ती पिढ्यान्‌पिढ्या विराजमान आहे. ती शिळा म्हणजे शालिग्राम.

हे निवेदन करण्यास एक कारण घडले. गेल्या काही वर्षांत आपल्या देवस्थानाच्या आवारातील पिंपळाच्या पारावर, पहाटे झाडलोट करताना, कापडात बांधलेले शालिग्राम सापडू लागले. कोणी ठेवले, केव्हा ठेवले, हे कळत नाही. एकदा गाठोडीत एक चिठ्ठी मिळाली. "आजी गेल्या. आता सोवळ्यात पूजा करणारे घरी कोणी नाही. आम्ही बाहेरगावी असतो. देवाचा कोप होऊ नये म्हणून येथे ठेवीत आहोत. चूक पदरात घ्यावी." ही चिठ्ठी कार्यालयात जपून ठेवली आहे. जमा झालेले शालिग्रामही एका लाकडी पेटीत ठेवले असून पुजारीबुवा त्यांस रोज तुळशीपत्र वाहतात.

दुसरा प्रसंग त्याहून अधिक मनाला लागला. कार्तिकातील एका सकाळी एक वृद्ध माउली आपल्या नातवासह कार्यालयात आल्या. नातू विज्ञान शाखेचा विद्यार्थी. त्याने त्यांच्या घरचा शालिग्राम माझ्या मेजावर ठेवला आणि म्हणाला, "काका, हा देव नाही. हा समुद्रातल्या एका प्राण्याचा जीवाश्म आहे. आमच्या कॉलेजात असाच एक ठेवलेला आहे." मुलाच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. नवे काही शिकल्याचा उत्साह होता. परंतु माउलींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "भाऊ, मग मी इतकी वर्षं पूजा केली ती कुणाची?"

त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. त्यानंतर वाचन केले, जाणकारांना विचारले. त्या माउलींना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर सर्व भाविकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुराणे काय सांगतात?

ब्रह्मवैवर्त पुराणाच्या प्रकृतिखंडात आणि देवीभागवताच्या नवव्या स्कंधात शालिग्रामाची कथा येते. शंखचूडाची पत्नी तुळशी ही महापतिव्रता. तिच्या पातिव्रत्यामुळे शंखचूड अजिंक्य झाला होता. देवकार्यासाठी श्रीविष्णूंनी तिच्या पतीचे रूप घेऊन तिचे व्रत भंग केले. सत्य कळताच तिने, "तू पाषाणहृदयी आहेस, पाषाणच होशील," असा शाप दिला. भगवंतांनी तो शाप नाकारला नाही, परतवला नाही. मान खाली घालून स्वीकारला. तुळशीचा देह गंडकी नदी होईल, तिचे केस तुळशीचे रोप होतील आणि आपण त्याच नदीच्या तीरी शिळारूपाने राहू, असे ते म्हणाले. त्या शिळेत वज्रासारख्या दातांचे कीटक चक्रे कोरतील, असेही तेथे सांगितले आहे. पद्मपुराणातील वृंदा आणि जालंधर यांची कथा याच धर्तीची असून कार्तिक शुद्ध द्वादशीपासून आपण करतो त्या तुळशीविवाहाच्या मुळाशी हाच भाव आहे. अंगणातील वृंदावनाला ऊस बांधून, चिंचा, आवळे, बोरे ठेवून आपण तुळशीचे लग्न लावतो, तेव्हा बाळकृष्ण अथवा शालिग्राम हाच नवरदेव असतो.

या कथेतील एक गोष्ट लक्षात घ्यावी. या शिळेतील चक्राचा संबंध एका जिवाशी आहे, हे पुराणकथेने सांगितले आहे. नदीच्या पाण्याने दगड गुळगुळीत होतो, परंतु पाणी असे रेखीव, एका केंद्राभोवती फिरत जाणारे चक्र कोरीत नाही, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानी आले असावे. म्हणून त्यांनी ते काम एका कीटकाकडे सोपविले. याचा अर्थ आजचे जीवाश्मशास्त्र पुराणांत आधीच लिहिलेले होते, असा काढू नये. तसे म्हणण्याने पुराणांचा गौरव वाढत नाही. पुराणांनी भावाची कथा सांगितली. शिळेची कथा पुढे शिळेनेच सांगितली.

शिळा काय सांगते?

नेपाळमध्ये मुस्तांग भागात, सुमारे पावणेचार हजार मीटर उंचीवर, मुक्तिनाथाचे क्षेत्र आहे. तेथील १०८ धारांखाली स्नान करण्यासाठी देशोदेशीचे भाविक जातात. जवळून काळी गंडकी वाहते. पुढे ती धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरांहून उंच पर्वतांच्या मधून, अतिशय खोल दरीतून खाली उतरते, पुढे नारायणी व गंडक या नावांनी बिहारात येऊन गंगेला मिळते. या नदीच्या वरच्या खोऱ्यात काळ्या, ठिसूळ शेल खडकाचे थर आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यावरून भूवैज्ञानिक या थरांना 'स्पिती शेल' म्हणतात. थरांत जागोजागी कठीण, गोलसर गाठी आहेत. पावसाने, हिमाने खडक झिजला की त्या गाठी सुटतात, नदीत येतात, घरंगळत गुळगुळीत होतात. हेच आपले शालिग्राम.

त्या गाठींत असतो तो बहुधा अमोनाइट नावाच्या सागरी जिवाचा ठसा. काही शिळांत शिंपल्यांसारख्या अन्य जिवांचेही ठसे मिळतात. अमोनाइट हा आजच्या माकूल आणि अष्टपाद यांचा दूरचा नातलग होता. त्याचे कवच पीळदार असे. कवचात अनेक कप्पे असत. प्राणी वाढत जाई तसतसा तो पुढे नवा कप्पा बांधी, सर्वांत बाहेरच्या कप्प्यात स्वतः राही आणि मागच्या रिकाम्या कप्प्यांतील वायूच्या साहाय्याने पाण्यात तरंगे. आपण ज्यास चक्राच्या आऱ्या म्हणतो, त्या त्या कवचावरील कंगोऱ्यांच्या रेषा होत. स्पिती शेलमधील हे जीव सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी जगले. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक व्हिक्टर उहलिग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जिवांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात.

मग समुद्रातील जीव हिमालयात कसा आला? उत्तर असे की, तेव्हा तेथे हिमालय नव्हता. आपल्या भूखंडाच्या उत्तरेस एक विशाल समुद्र होता. ऑस्ट्रियाचेच एदुआर्द झ्यूस यांनी १८९३ साली त्यास 'टेथिस' असे नाव दिले. आपला भूखंड हळूहळू उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडास भिडला. मधल्या समुद्राचा तळ चेपला गेला, त्याला वळ्या पडल्या आणि तो वर उचलला गेला. सागरमाथ्याचा, म्हणजे एव्हरेस्टचा, अगदी शिखरावरचा खडकसुद्धा समुद्रतळी तयार झालेला चुनखडक आहे. आपल्या तळहातावर मावणारी ही शिळा म्हणजे त्या गेलेल्या समुद्राची खूण होय.

इतका काळ हा ठसा टिकला कसा?

माझ्या मनाला सर्वाधिक भिडला तो हा भाग. समुद्रात रोज असंख्य जीव मरतात. त्यांतील जवळजवळ सर्वांचा मागमूसही राहत नाही. दुसरे जीव त्यांना खातात, लाटा फोडतात, पाणी विरघळवते. एखादाच टिकतो. तो टिकण्यासाठी अनेक गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. टेथिसच्या त्या भागातील तळ शांत होता. तेथे बारीक काळा गाळ साचत होता आणि त्या गाळात प्राणवायू अत्यल्प होता, त्यामुळे मृत देहाची नासधूस करणारे जीव तेथे फारसे राहत नसत. मेलेला अमोनाइट तळाशी जाई, गाळाने हलकेच झाकला जाई. त्याचा मृदू देह कुजताना भोवतालच्या गाळाचे रासायनिक स्वरूप बदले आणि पाण्यातील खनिजे त्याच्याभोवती जमून घट्ट होत. अशी गाठ तयार झाली. पुढे वर गाळाचे थरावर थर साचले, त्यांच्या भाराखाली भोवतालचा चिखल चेपून पापुद्र्यासारखा झाला. परंतु गाठीच्या आतील कवच चेपले गेले नाही. काही ठिकाणी लोह आणि गंधक यांच्या संयोगाचे, सोन्यासारखे चमकणारे पायराइट हे खनिज त्यात भरले. शिळेत सोनेरी रेषा दिसल्या की जुने लोक त्यास हिरण्यगर्भ म्हणत, ती झळाळी याच खनिजाची. अनेक गाठींत मूळ कवच कालांतराने विरघळून गेले आणि मागे केवळ त्याचा ठसा उरला. कवच गेले, देह तर केव्हाच गेला होता, तरी रूप राहिले.

अशी राखण अन्यत्रही क्वचित घडली आहे. म्यानमारमध्ये सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या झाडाच्या गोठलेल्या राळेत, एरवी जंगलातले किडे सापडतात तेथे, अमोनाइटचे एक कवच सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडकात तर कवचाविना, केवळ मृदू देहाचा ठसा मिळाल्याचे २०२१ साली अभ्यासकांनी मांडले. अमोनाइटची कवचे जगभर विपुल आहेत, पण त्याच्या देहाची अशी खूण अत्यंत दुर्मिळ आहे.

हा ठसा पाहून नतमस्तक होणारे आपण एकटेच नाही. 'अमोनाइट' हे नाव मिसर देशातील अमोन या देवावरून आले. त्याच्या मस्तकावरील मेंढ्याच्या शिंगांसारखा या कवचाचा पीळ असतो. रोमन लेखक प्लिनी याने 'अमोनचे शिंग' या नावाने अशा दगडाची गणना पवित्र रत्नांत केली. इंग्लंडमधील व्हिटबी येथे संत हिल्डा हिने सर्पांना शिळा केले, अशी कथा लोक या जीवाश्मांविषयी सांगत. उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोक असे दगड पवित्र मानून जपून ठेवीत. भाषा वेगळ्या, देव वेगळे, देशही एकमेकांस अपरिचित; परंतु हा पीळ हातात घेताच प्रत्येकाला वाटले की, ही साधी वस्तू नव्हे.

आपल्या भूमीशी नाते

जळकोट परिसरात असे जीवाश्म का सापडत नाहीत, असा प्रश्न बालभक्तांनी विचारला तर त्याचेही उत्तर आहे. आपण बालाघाटच्या पठारावर राहतो. आपल्या विहिरींत लागतो, शेताच्या बांधावर रचतो, तिरू नदीच्या पात्रात पडलेला दिसतो, तो काळा दगड समुद्रात तयार झालेला नाही. जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या तप्त लाव्हारसाचे थर थंड होऊन तो बनला. वितळलेल्या खडकात कवच टिकत नाही. सागरी जिवांचे ठसे पाहावयाचे तर कच्छच्या खडकांत किंवा नर्मदेच्या खोऱ्यात बाघ परिसरात जावे लागते.

तरीही आपल्या भूमीचा आणि शालिग्रामाचा एक विलक्षण संबंध आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहत होता. त्याच सुमारास एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला. त्या महासंकटात डायनासोर गेले आणि समुद्रातून अमोनाइटही कायमचे नाहीसे झाले. त्यांच्या कुळाने तोवर पृथ्वीवर तीस कोटी वर्षांहून अधिक काळ काढला होता. म्हणजे आपल्या घराचा पाया ज्या खडकावर आहे, तो खडक घडत असतानाच्या काळात शेवटचे अमोनाइट पृथ्वीवरून गेले. तुळशीवृंदावनाच्या काळ्या चिऱ्यावर आपण शालिग्राम ठेवतो, तेव्हा हे दोन काळ एकमेकांशेजारी येतात.

मग पूजा कुणाची?

आता त्या माउलींच्या प्रश्नाकडे येतो. मत्स्य आणि कूर्म हे ज्या परंपरेने भगवंताचे पहिले दोन अवतार मानले, जिने वराहापुढेही हात जोडले, त्या परंपरेला समुद्रातील जिवाचे रूप हीन वाटण्याचे कारण काय? शालिग्रामात एक प्राणी होता, या ज्ञानाने देव बाहेर जात नाही. प्रत्येक जिवात ईश्वर पाहावा, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. ही शिळा ते शब्दशः आपल्या हातावर ठेवते. त्या जिवाला डोळे होते, भूक होती, भय होते. तो वाढला, त्याने एकामागून एक कप्पे बांधले आणि एके दिवशी तळाशी गेला. त्या अनाम जिवाची खूण पृथ्वीने जपली आणि आपल्या पूर्वजांनी तीत नारायण पाहिला. माउलींनी इतकी वर्षे पूजा केली ती त्या नारायणाचीच. नातवाने सांगितले तेही खरे. दोघांपैकी कोणी खोटे ठरण्याची आवश्यकता नाही.

आणि ज्यांनी कोपाच्या भयाने शालिग्राम पारावर ठेवला, त्यांना नम्रपणे एवढेच विचारावेसे वाटते : जी शिळा पंधरा कोटी वर्षे अंधारात, गाळाखाली, पर्वताच्या पोटात, एकही स्नान न घडता राहिली, ती आपल्या घरी दोन दिवस पूजा चुकली म्हणून रागावेल काय? शापही ज्याने शांतपणे स्वीकारला, तो नोकरीसाठी बाहेरगावी गेलेल्या लेकराची अडचण समजून घेणार नाही काय? सोवळ्याचे भय इतके वाढले की देवच घराबाहेर गेला, तर ते सोवळे कोणाच्या उपयोगाचे? शालिग्रामाला प्राणप्रतिष्ठेची गरज नाही, तो स्वयंभू आहे, असे शास्त्र मानते. एक तुळशीपत्र आणि क्षणभराचे नमन, एवढेही घडले तरी पुरे.

खरा विचार करावयाचा तो आपल्या जपणुकीचा. चिखलाने जे पंधरा कोटी वर्षे जपले, नदीने न फोडता खाली आणले, कोण्या यात्रेकरूने पायी चालत घरापर्यंत पोहोचविले, पणजीने, आजीने, आईने रोज पुसून ठेवले, ते आपल्या पिढीत सुटावे, हे बरे दिसते काय?

भाविकांस विनंती

१. शालिग्राम पारावर, नदीत अथवा झाडाखाली ठेवून जाऊ नये. घरी ठेवणे अशक्यच असेल तर प्रथम कुटुंबातील दुसऱ्या कोणास विचारावे. तेही शक्य नसेल तर कार्यालयात स्वतः यावे. शिळा कोणत्या घराण्याची, कोणी आणली, किती पिढ्या पूजेत होती, हे आठवेल तेवढे सांगावे. त्याची नोंद ठेवली जाईल.

२. स्नानानंतर शिळा मऊ वस्त्राने पूर्ण कोरडी करावी. आतील सोनेरी खनिज दमट हवेत खराब होते आणि कालांतराने शिळेस तडे जाऊ शकतात. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड लावू नये. कंगोऱ्यांच्या रेषा झिजतात.

३. आत चक्र आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी शिळा फोडू नये.

४. शालिग्रामाची किंमत करू नये, ही जुनी मर्यादा आहे. यात्रेच्या ठिकाणी कोरून, रंगवून तयार केलेले दगडही शालिग्राम म्हणून विकले जातात. घरी असलेला जपावा, दुसऱ्याच्या मोहात पडू नये.

५. मुलांना शालिग्राम हातात घेऊ द्यावा आणि दोन्ही कथा सांगाव्या, तुळशीचीही आणि समुद्राचीही.

शेवटी एक विशेष निवेदन. ज्या कुटुंबाने ती चिठ्ठी लिहिली, त्यांच्या वाचनात ही पुस्तिका आली, तर त्यांनी मनात कोणताही संकोच न धरता कार्यालयात यावे. कोणी जाब विचारणार नाही. आपला शालिग्राम सुखरूप आहे. आपल्या आजींच्या हाताच्या स्पर्शाने तो एका बाजूस अधिक गुळगुळीत झालेला आहे, हे पेटीतून काढताना दरवेळी जाणवते. तो आपली वाट पाहत आहे.

सर्वांचे कल्याण असो. शुभं भवतु.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान विश्वस्त मंडळ, जळकोट